ताईला दम लागत नाही

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, ताईच्या आजारपणात मी मर मर राबले. राबले, ते खरंच. पण त्या राबण्याआड काय झाकलं — ते तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

माझी थोरली बहीण सिन्नरजवळ दिलेली. शेतात झेंडू, शेवंती. फुलांचे भरलेले क्रेट ती एकटी उचलून टेम्पोत टाकायची. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि केमोसाठी ती नाशिकला माझ्याकडे येऊन राहिली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं — केमोचं हे लाल औषध हृदयावर जाऊ शकतं. दम लागला, पाय सुजले, तर लगेच सांगा. औषध बदलता येतं. दुसरं काही घेत असाल तर तेही सांगा.

दुसरं काही मीच देत होते. तेव्हा मी पौष्टिक पावडरी आणि कॅप्सूल विकायचे. ज्यांच्या हाताखाली मी विकायचे त्या मॅडम सांगायच्या, या कॅप्सूलने केमोतही हृदयाच्या पेशींना धक्का लागत नाही. मी विश्वास ठेवला. अडाण्यासारखा ठेवला — पण खरं सांगू? माझं पाप ते नाही.

त्या धंद्यात 'अनुभव' सांगावा लागतो. रविवारी गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये मीटिंग असायची. ज्याला गुण आला, त्याने उठून सगळ्यांसमोर बोलायचं. मी ताईला घेऊन गेले. डोक्याला स्कार्फ बांधून ती पुढच्या रांगेत बसली. मी माइकवर म्हणाले, माझी बहीण केमो घेतेय आणि तिचं हृदय ठणठणीत आहे. टाळ्या पडल्या. ताईने लाजत उभं राहून हात जोडले. मला तेव्हा — लाज वाटते सांगायला — फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात ती आमच्या जिन्यात थांबली. कठडा धरून म्हणाली, "लय दम लागतोय गं, पमे." मी म्हणाले, कॅप्सूल लागू पडतेय, आतलं विष निघताना असं होतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तिथल्या तिथे रचलं. संध्याकाळी तिचे पाय चेपायला घेतले, तर जिथे बोट दाबलं तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. मला कळलं. नीट कळलं.

पुढच्या केमोच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, दम वगैरे लागतो का? ताईने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांशी शिकलेल्या माणसाने बोलायचं, ही आमच्या घरातली रीतच. मी म्हणाले, "नाही."

का? हो म्हटलं असतं तर कॅप्सूलचं निघालं असतं. मग हॉलमधल्या त्या बायकांना काय तोंड दाखवणार होते? एवढंच. बहिणीचा जीव एकीकडे, आणि दुसरीकडे एवढंच.

औषध तसंच चालू राहिलं. नंतर हृदयाची तपासणी, एको केला, तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. गाठ परत आली नाही, पण हृदय कमजोर झालं ते झालंच. आता ताई ओट्यावर बसून फुलं निवडते, क्रेट सून उचलते. धंदा मी सोडला. वेळ मिळत नाही, असं सांगून सोडला.

यंदा दसऱ्याची फुलांची गडबड सरल्यावर तिच्याकडे गेले होते. जेवताना तिची सून चाचरत म्हणाली, त्या कॅप्सूलनंच तर काय झालं नसंल ना?

ताई तिच्यावर भडकली. "पमीनं गोळ्या दिल्या म्हणून एवढं तरी राहिलं. नायतर कवाच गेले असते मी." एवढं बोलून ती भिंतीला टेकली आणि श्वास घेत राहिली. सून खाली मान घालून बसली. मग तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलेन म्हणून.

मी पोळीचा तुकडा मोडला. म्हणाले, "जाऊ दे गं ताई. तिला काय कळतंय त्यातलं."