दुःखाच्या घरातनं उठताना

एस्तेर आक्का आफ्रिकेला निघाल्या, ही बातमी मिशन कंपाऊंडात पसरली तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं, पास्टरसाहेबांनी चेष्टा केली. जी बाई दसऱ्यापासून दुधाची पिशवी आणण्यापलीकडं फाटकाबाहेर पडली नाही, ती विमानात बसून मलावीला जाणार? आणि तिथं करणार काय, तर सेवा? "आक्कांचीच सेवा करायची वेळ आलीया की," असं समोरच्या बयाबाई बोलून गेल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आक्कांचं आडनाव सातवेकर. उमेदीची सगळी वर्षं नर्सच्या नोकरीत गेली आणि तीही प्रसूती वॉर्डात. आवाज असा, की वॉर्डाच्या या टोकाला आक्का ओरडल्या की त्या टोकाची बाई जोर लावायची. कोल्हापुरात शाहूपुरीच्या बाजारात आजही एखादा मिशीवाला व्यापारी गल्ल्यावरनं उठून त्यांना नमस्कार करतो, कारण जन्मल्याबरोबर त्याला उलटा धरून पहिली चापट आक्कांनी मारलेली असते. रागीट, तोंडाळ, मायाळू बाई. रविवारी चर्चमध्ये गीत सुरू झालं की पेटीवाल्याला आक्कांच्या पट्टीत यावं लागायचं, आक्का पेटीच्या पट्टीत जायच्या नाहीत.

मग दसऱ्याच्या पाठोपाठ त्यांचा मुलगा आदर्श गेला. एकुलता एक. कागलच्या एमआयडीसीतनं पाळी संपवून मोटरसायकलवरनं येत होता, हायवेला ट्रकनं उडवला. सांगायला एवढंच आहे.

आक्का रडल्या नाहीत. मातीला आलेल्यांना चहा मिळाला का, हे त्यांनी दोनदा विचारलं. पुण्याच्या नणंदेला झोपायला चादर काढून दिली. लोक म्हणाले, धीराची बाई. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय बधिर होतो आणि चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं आक्कांना अख्ख्या अंगाचं झालं होतं. चर्चमध्ये त्या उभ्या राहायच्या, ओठ हलवायच्या, आवाज यायचा नाही. पेटीवाला आता आपल्या पट्टीत वाजवायचा.

घरात दोघीच उरल्या होत्या. आक्का आणि सून स्नेहल. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. गडहिंग्लजची पोर, बालवाडीत शिकवायची, नाकासमोर चालणारी. दोघी एका चुलीवर जेवत होत्या आणि बोलत होत्या ते एवढंच, की मीठ संपलंय, गॅसवाला येऊन गेला, टाकी भरली. आदर्शचं नाव आक्कांनी घेतलं नाही, म्हणून स्नेहलनंही घेतलं नाही. तिचा भाऊ सम्राट दर आठ-पंधरा दिवसांनी येऊन बसायचा, बहिणीच्या तोंडाकडं बघायचा आणि चहा अर्धा टाकून उठायचा.

पास्टर देवकुळ्यांनी एका रविवारी आक्कांना बाजूला घेतलं. मलावीतल्या एका खेड्यात आपली मंडळी आरोग्य शिबिराला निघालीत, एक अनुभवी सिस्टर पाहिजे, आणि आक्का, तुमचंही मन रमेल. आता नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, कारण दिलं की माणसं समजूत घालायला बसतात. हो म्हणायला मान हलवली की भागतं. आक्कांनी मान हलवली.

निघायच्या आदल्या दिवशी आक्का बॅग भरत होत्या. स्नेहल दारात येऊन उभी राहिली.

"आत्या, दादा गाडी घेऊन येतो म्हणतोय. तुमी परत यायच्या दिवशीच. मला कायमचं न्ह्यायला." ती थांबली. "मी ऱ्हाऊ का जाऊ? तुमी सांगा. तुमी ऱ्हा म्हटलासा तर मी ऱ्हाईन."

आक्कांनी ऐकलं. नीट ऐकलं. हातातली साडी घडी करून बॅगेत ठेवली, तिच्यावर औषधाची डबी ठेवली आणि चेन ओढली. स्नेहल आणखी थोडा वेळ उभी होती. मग भांडी घासायला गेली.

मंडळी मलावीतल्या खेड्यावर पोचली तेव्हा समोर लाल माती, मक्याची वाळलेली ताटं आणि पत्र्याचं चर्च. ढोबळे म्हणून एक रिटायर्ड हेडमास्तर मंडळींत होते, ते उतरता उतरताच म्हणाले, "हे तर आपल्या राधानगरीकडंच आल्यासारखं झालं की!" सेवा करायला गेलेल्या मंडळींच्या बॅगा तिथल्या बायकांनीच डोक्यावर घेतल्या. आंघोळीला पाणी त्यांनीच लांबनं आणून दिलं. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पालेभाजी असं जेवणही त्यांनीच रांधलं. आपण इथं नक्की कोणाची सेवा करायला आलोय, हे पहिले दोन दिवस कुणालाच कळेना. पण पास्टरांनी शिबिराची घडी बसवली. आक्का रक्तदाब बघायच्या, गरोदर बायकांचं पोट तपासायच्या. हात सगळं बरोबर करत होते. एका बाईच्या पोटातल्या बाळाचे ठोके पटकन सापडले, बाई खुशीनं हसली, आक्काही हसल्या. तोंड हसलं, एवढंच.

तिथल्या चर्चमध्ये तियामिके नावाची बाई होती. आक्कांच्याच वयाची, रुंद खांद्यांची, सगळ्यांवर ओरडणारी. पाण्याच्या घागरी कुणी कुठं ठेवायच्या, रांग कुठनं सुरू करायची, सगळं तीच ठरवायची. एक शब्द एकमेकींचा कळत नव्हता, तरी ती आक्कांना हाताला धरून सावलीत बसवायची आणि आपल्या ताटलीतलं अर्धं वाढायची. तिची थोरली मुलगी आजारी पडून तालुक्याच्या दवाखान्यात होती. शिबिराच्या चौथ्या सकाळी निरोप आला, की मुलगी वारली.

त्या दिवशी शिबिराला एक माणूस फिरकला नाही. अख्खं गाव तियामिकेच्या दारात. पास्टर थोडे चुळबुळले, औषधं पडून होती. पण माणुसकी म्हणून सगळी मंडळी गेली. बायका आत चटईवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, पाय पसरून. आक्काही बसल्या. तियामिकेनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि सरकून जागा केली. दिवस कलेपर्यंत आक्का तिच्या खांद्याला खांदा लावून बसल्या. बाहेर गाणं चाललं होतं, कोंबड्या दारातनं आत येत होत्या. आक्कांना काहीही झालं नाही. आपल्याला काही होत नाही, याची सुद्धा त्यांना आता भीती वाटत नव्हती.

मग पास्टरांनी बाहेरनं खूण केली, तशी कोल्हापूरची मंडळी उठली. आता आपल्याकडं दुःखाच्या घरातनं कुणी निरोप घेऊन निघतं का? नाही. गपचूप उठायचं, चपला घालायच्या आणि मागं न बघता चालू लागायचं. तिथं 'येतो' म्हटलं तर परत असल्याच कामाला यायची पाळी येईल, ही धास्ती. धर्म बदलला म्हणून असल्या रीती कोण बदलतंय! ढोबळे मास्तरांपासून आक्कांपर्यंत सगळे एका ओळीत, तोंडातनं शब्द न काढता, मान खाली घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशीही शिबिराला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बॅगा उचलणाऱ्या बायका लांबनं वळून जायला लागल्या. पास्टरांना वाटलं, एखादं औषध बाधलं. शेवटी फिरी म्हणून तिथले इंग्रजी जाणणारे वडीलधारे होते, ते संकोचत संकोचत म्हणाले, तुम्ही तियामिकेच्या घरातनं तसे का उठलात? आमच्यात दुःखवाल्या माणसाचे दोन्ही हात हातात घेऊन सांगतात, मी निघते, परत येते. जो न सांगता उठतो, तो नातं तोडून उठतो.

"अरारा!" मास्तरांनी कपाळावर हात मारला.

आता मंडळींच्या वतीनं कुणीतरी जायला पाहिजे होतं. आक्का वयानं थोरल्या, तिच्या खांद्याला लागून बसलेल्या. पास्टरांनी त्यांनाच फिरींबरोबर धाडलं.

तियामिके दारातच बसली होती, मक्याची कणसं सोलत. उठली नाही. आक्कांनी जमिनीवर बसून, आपल्याला येत होतं तेवढ्या दवाखान्याच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. आमची रीत काय, आम्ही गप का उठलो, आमच्या मनात वाईट काही नव्हतं. फिरींनी एकेक वाक्य तिच्या भाषेत केलं. ती कणसं सोलत ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "तुमच्यात सगळे असे गप उठून जातात, तर मग त्या दुःखवाल्याशी बोलतं कोण?"

आक्का खाली पडलेली कणसाची सालं गोळा करायला लागल्या.

"मला वाटलं," तियामिके म्हणाली, "तू माझं दुःख बघून भ्यायलीस."

"व्हय," आक्का म्हणाल्या. मराठीत. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. फिरी बघत राहिले, तेव्हा इंग्रजीत सांगितलं. भ्याले. माझाही मुलगा गेला. गेल्या दसऱ्यानंतर. एकुलता एक होता.

तियामिकेचे हात थांबले. "घरात कोण आहे आता?"

"त्याची बायको."

"ती काय म्हणते?"

"विचारते, राहू का जाऊ."

"मग तू काय सांगितलंस?"

फिरी उत्तराची वाट बघत बसले. त्यांना तिच्या भाषेत करायला काही मिळालंच नाही. तियामिकेनं पुढचं कणीस घेतलं आणि साधं दळणकांडणाबद्दल बोलावं तसं काहीतरी बोलली. फिरींनी ते खाली बघत सांगितलं.

"ती म्हणते, मग मला सोडून उठलीस, तशीच तिलाही सोडून आलीस."

आक्कांनी तियामिकेचे दोन्ही हात हातात घेतले. मक्याचे केस चिकटलेले होते. निघते म्हणून सांगितलं. दुसऱ्या सकाळी शिबिराची रांग तियामिकेच ओरडून ओरडून लावत होती.

परतीच्या विमानात सगळे झोपले, आक्का जाग्या होत्या. एकच शब्द म्हणायचा होता, राहा. तो त्या मनातल्या मनात म्हणून बघत होत्या. पण दर खेपेला त्याच्या आधी दुसरंच काहीतरी घशाशी यायचं. ते काय आहे, हे आक्कांना ठाऊक होतं आणि ते तोंडातनं काढायची त्यांना लाज वाटत होती. आणि गाडी आधीच निघून गेली असली तर? दसऱ्यापासून पहिल्यांदा आक्कांना कशाची तरी धास्ती वाटत होती.

रिक्षा फाटकात वळली तेव्हा सम्राटची पिकअप दारातच उभी होती. हौदात गादीची वळकटी, पत्र्याची पेटी. मोठी बॅग अजून पायरीवर होती.

"बरं झालं मावशी, आलासा," सम्राट म्हणाला. "स्नेहल म्हणली, भेटल्याबिगर जायचं न्हाय. म्हणून थांबलोय."

स्नेहल पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. रोजच्यासारखी, खाली बघत. आक्कांनी तांब्या घेतला नाही.

"स्नेहल," त्या म्हणाल्या, "तू समोर आलीस की मला वाटायचं, ही हाय, मग माझा आदर्श कुठं हाय? म्हणून मी तुझ्या तोंडाकडं बघत न्हवते. तू उठून जावंस असं मला वाटत हुतं. जा म्हणायचं धाडस न्हवतं, म्हणून गप बसले. खरं सांगते तुला."

सम्राट पिकअपच्या टायरकडं बघायला लागला. समोर बयाबाई वाळवण सोडून उभ्या राहिल्या.

स्नेहलनं तांब्या पायरीवर ठेवला.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "माझंबी तसंच हुतं, आत्या. तुमी ताट वाढाय बसलासा की मला वाटायचं, देवानं ह्यास्नीच का ठिवलं आन् त्यांना का न्हेलं? असलं मनात घिऊन तुमच्या घरात कशी ऱ्हाऊ मी?"

आक्का बॅगेशेजारी पायरीवर बसल्या. "आदर्श गेला गं," म्हणाल्या. आधी हळू. मग दुसऱ्यांदा म्हणाल्या तो आवाज कंपाऊंडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. पोटातनं, उघड्या तोंडानं, प्रसूती वॉर्डातली बाई ओरडते तशा त्या ओरडल्या. बयाबाई धावत आल्या आणि गप करायला लागल्या, "आवरा आक्का, आवरा की, माणसं बघाय लागलीत."

"आवरू नगासा त्यास्नी," स्नेहल म्हणाली. ती सासूला लागून खाली बसली, तिच्या डोक्यावरनं हात फिरवत राहिली, आणि तिच्या डोळ्यांनाही धार लागली.

"ऱ्हा," आक्का हुंदक्यातनं म्हणाल्या. "वंगाळ वाटंल ते मनात घिऊन ऱ्हा. मी बी तसंच ऱ्हाते."

सम्राट बराच वेळ किल्ली बोटात फिरवत उभा होता. ऊन पायरीवर आलं तरी दोघी हलल्या नाहीत. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "स्नेहल, मग? निघायचं का?"

स्नेहलनं पदरानं तोंड पुसलं, आधी सासूचं, मग आपलं.

"दादा," ती म्हणाली, "बॅग आत ठेव जा."