होळीवरचं डॉगवूड

निपाणीतले आमचे शेजारी अण्णा, जैन, तंबाखूचे व्यापारी. एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. बेळगावच्या कॅम्पातल्या एका साहेबानं विलायतेला जाताना त्यांना डॉगवूड नावाच्या फुलझाडाचं रोप दिलं होतं. त्याची कुंडी ते सकाळी उन्हात नेत, दुपारी सावलीत, आणि मधेच नखानं साल खरवडून आत हिरवं आहे का बघत.

थंडीत खरेदीसाठी बोरगावला निघताना म्हणाले, "मास्तर, तेवढं पाणी घाला."

मी पाणी घातलं आणि पानं गळाली. ते झाड थंडीत पानं टाकतं, हे मला कुठलं माहीत? होळीच्या सकाळी मी ते मेलं समजून उपटून गल्लीच्या होळीवर ठेवलं आणि वर हातही जोडले.

संध्याकाळी ते परतले. रिकाम्या कुंडीकडं बघत राहिले. मी नुसतं होळीकडं बोट दाखवलं. होळी पेटायच्या आत त्यांनी रोप ओढून काढलं.

"होळीला दिलेलं परत घेत न्हाईत, अण्णा," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी साल खरवडून दाखवली. "जित्तं हाय. जित्तं जाळत्यात व्हय?"

 त्यानंतर गावाला निघाले की बैलगाडीत आधी कुंडी चढायची, आणि मी दिसलो की ते तिच्यावर पंचा टाकायचे.