आईची वकील लखनौच्या पंगतीत

नागपूरहून गाडी सुटली तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, तिळाच्या लाडवांचा डबा आणि आईनं सोपवलेली एक कामगिरी होती. लखनौच्या माझ्या थोरल्या बहिणीला, सुमनताईला, ताळ्यावर आणायचं. सत्तरीचं दशक सरत आलं होतं. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, टेलिफोन खात्यात बदली होऊन तिकडे गेले होते आणि ताईच्या पत्रात एक ओळ आली होती : 'आम्ही शेजारणी मिळून लग्नकार्यात उरलेलं अन्न गोळा करतो आणि भुकेल्यांना नेऊन वाढतो.' आईनं ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

आईचं दुखणं बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, सासरी पाळीची भाकर मागायची रीत होती. गावकीची कामं करायची आणि त्या बदल्यात दारोदार फिरून लोकांच्या घरचं उरलंसुरलं टोपलीत घ्यायचं. आजी धम्मदीक्षा घेऊन आली आणि त्याच संध्याकाळी तिनं ती टोपली चुलीत घातली. आईनं ती जळताना पाहिली होती. आता त्याच घरची नात परमुलखात टोपली घेऊन फिरते म्हटल्यावर आईनं मला, शाळामास्तरीण म्हणून तोंडाचा पट्टा बरा चालतो म्हणून, वकील करून धाडलं.

झाशीला गाडी बदलून चारबागला उतरले तर स्टेशनच दिसेना, असा कोहरा (दाट धुकं) पडला होता. धुक्यातून आधी भाऊजींची माकडटोपी आली, मग भाऊजी आले.

"या मास्तरीणबाई! वकालतनामा आणलात ना?"

म्हणजे माझी कामगिरी माझ्याआधीच पोस्टानं पोचली होती. भाऊजींनी स्टेशनबाहेर मला मक्खन-मलाई (हिवाळ्यात मिळणारा दुधाचा गोड फेस) खाऊ घातली. दोन दिवसांच्या भुकेनं मी भलामोठा घास घेतला, तर तोंडात काही राहिलंच नाही. मी दोनदा द्रोण तपासला. "लखनौत असंच असतं," भाऊजी म्हणाले, "इथं पोट भरायच्या आधी मन भरतात."

ताईचं बिऱ्हाड निशातगंजच्या बाजारामागे, दोन खोल्यांचं. पाय धुऊन होतात न होतात तोच मी आईची बाजू मांडायला घेतली. ताई मटार सोलत ऐकत होती.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "आता माझं ऐक. आम्ही पातेल्यातलं घेतो, पानातलं नाही. वाढायच्या आधी वेगळं काढलेलं. मी स्वतः चाखून पाहते. जे माझ्या पोरीला देणार नाही ते कुणालाच देत नाही."

"तरी उरलेलंच ना?"

"काहून वाद घालतेस गं? उद्या समोरच्या सक्सेनांकडे मुंडन (जावळ) आहे. बघ आणि मग बोल."

"मौसी, आप बस देखिए," भाची आतून ओरडली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

मी बजावलं, "बघेन. पण त्यातला एक घास मी खाणार नाही."

दुसऱ्या दिवशी कोहऱ्यानं सक्सेनांचा घात केला. गोरखपूरकडून येणारे त्यांचे पाहुणे गाडीसकट वाटेत अडकले, आणि अर्ध्याहून जास्त जेवण तसंच राहिलं. दुपारी हलवाई स्वतः ताईच्या दारात आला. "बहनजी, कद्दू की सब्जी है, बासी हुई तो मेरी नाक कटेगी. जल्दी ले जाइए."

ताईनं पदर खोचला. पुऱ्यांची टोपली धुतल्या फडक्यानं झाकली, भोपळ्याच्या भाजीचं पातेलं चाखून पाहिलं, भाऊजींनी रविवारची झोप सोडून दोन सायकलरिक्षा आणल्या. पुढच्या रिक्षात मी, पुऱ्या, पत्तलांचा (पत्रावळींचा) गठ्ठा आणि एक दरी (सतरंजी). मागच्या रिक्षात ताई, भाऊजी आणि पातेलं. टोपली मांडीवर आली तेव्हा मला आजी आठवली आणि मी ती जरा लांब धरली. पण रस्त्यातला पहिला खड्डा येताच पुऱ्या वाचवायला तीच टोपली पोटाशी घट्ट धरावी लागली.

"सरकारी हॉस्पिटलच्या आवारात जायचंय," ताईनं बजावलं होतं. "आधी पोचलीस तर दरी अंथर आणि गप्प बस. बोलायचं काम ह्यांचं."

गोमतीच्या पुलावर मागे वळून पाहिलं तर त्यांच्या रिक्षाची साखळी निघालेली. भाऊजी रस्त्यात उकिडवे बसून साखळीशी झटत होते आणि ताई पातेल्याला मिठी मारून राणीसारखी वर बसली होती. मी हसत हसत पुढे गेले.

आवारात कडुनिंबाखाली गावोगावचे लोक होते. आत कुणाचा नवरा, कुणाचं लेकरू भरती केलेलं. बाहेर थंडीत बोचकी उशाला घेऊन हे बसलेले. मी दरी अंथरली. इथवर सगळं ठीक होतं. पण पंधरा वर्षं मुलांच्या रांगा लावलेली बाई गप्प कशी बसणार? शिवाय खरं ते सांगून टाकावं, लपवाछपवी नको, हे आमच्या घरचं वळण. मी उभी राहून वर्गातल्या आवाजात म्हणाले,

"सब लोग लाइन में खड़े रहो! मुंडन का बचा हुआ खाना है! ताजा है, फुकट है!"

उठलेली माणसं जागच्या जागी थांबली. सगळ्यांच्या पुढे एक म्हातारी अम्मा होती. हरदोईकडची. तिचा नवरा आत होता आणि कालपासून ती नुसत्या चहावर होती, हे ताईनं मला नंतर सांगितलं. तिनं हातातला लोटा खाली ठेवला.

"हम माँगै वाले नाहीं हैं, बिटिया. मरीज लइके आए हैं."

आणि ती परत जाऊन बसली. तिच्यामागे एकेक करून सगळे बसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईनं माझ्याशी आमच्या आजीच्याच तोंडानं बोलावं, आणि टोपली घेऊन समोर उभी मी असावी! तेवढ्यात दुसरी रिक्षा आली. भाऊजींचे हात वंगणानं काळे झाले होते. रिकामी दरी पाहून ताईला सगळं उमगलं.

"बोललीस ना?" ती हळूच म्हणाली. "हे दर वेळी काय म्हणतात माहीत आहे? 'तशरीफ लाइए, साथ बैठकर दो निवाले हो जाएँ.' आणि आधी आम्ही बसतो. आता तूच निस्तर."

भाजी निवत चालली होती. मी दरीवर मांडी घालून बसले, पत्तल पुढे ओढली आणि स्वतःच्या हातानं दोन पुऱ्या वाढून घेतल्या. मग अम्माकडे पाहून म्हणाले,

"अम्मा, गलती हो गयी. मैं बहुत दूर से आयी हूँ. मुझसे अकेले खाया नहीं जाता. आप बैठेंगी तो मैं भी खाऊँगी."

हे मी बनवून सांगितलं नव्हतं. सकाळपासून मलाही घास गेला नव्हता.

अम्मानं बसल्या जागेवरूनच विचारलं, "कहाँ से आई हौ?"

"नागपुर से."

"कै दिन की गाड़ी?"

"दो दिन की."

"दुइ दिन!" ती उठली. येऊन माझ्या शेजारी बसली, माझ्या पत्तलीकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "ई फीका कद्दू कैसे खइहौ?" तिनं पदराची गाठ सोडली. आत कागदात गुंडाळलेली भरल्या लाल मिरचीच्या लोणच्याची एकच मिरची होती. तिनं ती अर्धी मोडून माझ्या पानात वाढली.

मी पहिला घास खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. ते मिरचीमुळं, असं मी भाऊजींना सांगितलं. अम्मानं मागे वळून हाक दिली, "आओ भइया, बैठो सब जने!" आणि दरी भरली. भाऊजींना त्या दिवशी बोलायला काही उरलंच नाही.

आठवड्यानं घरी परतले. आई दारातच वाट पाहत होती.

"काय म्हणाली सुमन? सोडते का ते?"

मी वळकटी खाली ठेवली आणि मिरचीसकट सगळं सांगितलं. माझी चूकही लपवली नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "म्हणजे आधी आपली माणसं बसतात? त्याच पातेल्यातलं खातात?"

"त्याच."

"माझ्या आईच्या शेजारी येऊन असं कुणी बसलं नव्हतं गं," आई म्हणाली. आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिला टोपलीची आठवण काढून रडताना पाहिलं.

मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आली. झाकणाला फडकं बांधत म्हणाली, "सुमनला पत्र टाक. म्हणावं, भोपळा फिका असतो म्हणे तुमच्याकडचा. आई लोणचं घेऊन येते आहे."

मी तिकिटाचं विचारायच्या आत तिनं आपली लुगडी भरायला माझ्या वळकटीची दोरी सोडायला घेतली होती.