आज बावड्यावरनं जाऊया

गाडी सुरू करण्याआधी तो चारही काचा खाली करायचा. मग डोकं बाहेर काढून, पंगतीत बसलेला माणूस आमटीचा वास घेतो तसा हवेचा वास घ्यायचा आणि म्हणायचा, "पावणं, आज बावड्यावरनं जाऊया."

वास कसलाही असो, गुऱ्हाळाचा, शेणाचा, नुसत्या धुळीचा, निकाल तोच. पावसाळ्यात नदी चढली की तो रस्ता पाण्याखाली जायचा. तेवढे दिवस घरात आजारी माणूस असल्यासारखा चेहरा करून तो महामार्गानं यायचा.

आम्ही दोघं रंकाळ्यामागच्या एकाच इमारतीत राहत होतो. मी दुसऱ्या मजल्यावर, तो माझ्या डोक्यावर. दोघांच्या नोकऱ्या शिरोली एमआयडीसीत. मी एका फाउंड्रीच्या खरेदी विभागात, तो पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यात ड्रॉइंग काढायला. दोन गाड्या कशाला, म्हणून एक आठवडा माझी गाडी, एक आठवडा त्याची, असं ठरलं होतं.

कोल्हापुरातून शिरोलीला जायला एक सरळ वाट आहे. स्टँडवरून महामार्गाला लागायचं, पंचगंगेवरचा मोठा पूल ओलांडायचा की आलं शिरोली. ट्रक असतात, धूर असतो, पण माणूस वेळेवर पोचतो. दुसरी वाट कसबा बावड्यावरून शिये गावाकडं, उसातून, नदी ओलांडून. दिसायला छान. पण हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलात तर तुमचा दिवस तुमचा राहत नाही.

आणि आम्ही अडकायचोच. मी घड्याळाकडं बघत बसायचो. तो खाली उतरायचा, ट्रॅक्टरवाल्याशी गप्पा मारायचा आणि दोन कांडी ऊस घेऊन परत यायचा.

"अहो, साडेनऊला माझी मीटिंग आहे," मी म्हणायचो.

"असू दे की. रस्ता काय पळून जात न्हाय."

"मीटिंग पळून जाते ना."

"मग बरंच हाय की," तो म्हणायचा आणि ऊस सोलायला लागायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. तो उशिरा येतो आणि लोक त्याच्यासाठी खुर्ची सरकवतात. तुम्ही वेळेवर येता, तर कुणी वर मान करून बघतही नाही. त्याच्या कारखान्यातले साहेब म्हणे त्याला उशिराबद्दल बोलायचे नाहीत, उलट विचारायचे, "आज काय बघितलंसा?" माझ्या साहेबांनी मला कधी काही विचारल्याचं आठवत नाही.

घरीही तेच. येताना शियेजवळ रस्त्याकडेला बसलेल्या बाईकडून तो मेथीच्या दोन जुड्या घ्यायचा, एक स्वतःला आणि एक आमच्याकडं. "वहिनी, आत्ताच उपटलीया बघा," म्हणून दारातून द्यायचा. मीही त्याच गाडीतून आलेलो असायचो. पण मेथी त्याची. बायको पानं खुडताना म्हणायची, "तुम्हाला नाही कधी सुचत." मी जेवताना ती भाजी बाजूला ठेवायचो. भाजी चांगली व्हायची, त्याचाच राग यायचा.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

आई गेल्यावर मी तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुरगूडहून कोल्हापूरला आणलं. त्यांची नजर उतरत चालली होती. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येणार नाही, आहे ती टिकवू. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला त्यांना राजारामपुरीतल्या दवाखान्यात न्यावं लागायचं. मी रजा टाकून न्यायचो. गर्दी टाळून, गल्ल्यागल्ल्यांतून, सर्वात कमी वेळात. जाताना तात्या गप्प, येताना गप्प. मी विचारायचो, "दुखतंय का?" ते म्हणायचे, "न्हाय." तेवढंच. आई गेल्यापासून घरातही ते तेवढंच बोलायचे.

एकदा ऑडिट आलं आणि मला रजा मिळेना. तो म्हणाला, "मी नेतो की. त्यात काय."

दवाखाना दुपारीच उरकला होता. ते दोघं दिवेलागणीला परत आले. मी दारातच उभा होतो, फोन करून करून दमलेला. तात्या जिना चढत होते, त्याचा हात धरून, डोळ्यावर काळा चष्मा, आणि मोठ्यांदा बोलत होते. मुरगूडच्या बाजारात बैल कसा उधळला होता ते सांगत होते. तात्या त्याला त्याच्याच शब्दात 'पावणं' म्हणत होते आणि तो वाक्यावाक्याला "मग वो?" म्हणत होता.

"कुठं गेला होता?" मी विचारलं.

"कळंब्याच्या तळ्यावर गेलतो," तात्या म्हणाले. "तितनं पुढं शेतातनं. लई लांबनं आलो बघ."

त्या रात्री तात्यांनी भाकरी मागून घेतली. बायकोनं माझ्याकडं आनंदानं बघितलं. मला आनंद झाला नाही असं नाही. पण बैलाची ती गोष्ट मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. मी त्यांचा मुलगा. माझी गोष्ट त्यांनी जिन्यात दुसऱ्यालाच सांगून टाकली होती.

पुढच्या वेळी मी रजा काढली, शर्ट घालून तयार झालो, तर तात्या चपला चाचपत म्हणाले, "पावणं न्हाईत व्हय आज?"

एकदा मी त्याला विचारलंच. "त्यांना नीट दिसत नाही. तुम्ही त्यांना एवढं लांबून कशाला फिरवता?"

तो जरा बुचकळ्यात पडला. "फिरवतो कुठं? त्यास्नी विचारतो, तात्या, आता कुटं आलो? तर वासावरनं बरोबर सांगत्यात. चुकलं तर मला चहा पाजत्यात."

म्हणजे त्यांच्यात खेळही ठरलेला होता.

त्या हिवाळ्यात मुरगूडला भावकीत लग्न निघालं. तात्यांना घेऊन मी एकटाच जाणार होतो, कारण बायकोच्या शाळेत परीक्षा होत्या. मुरगूडला कागलवरून महामार्गानं तासाभरात जाता येतं. मी ठरवलं, यावेळी राधानगरीवरून जायचं. लांबचा वळसा, पण धरणाकडचं रान, थंड हवा. तो काय एकटाच गाडी चालवतो? मी चारही काचा खाली केल्या.

शहर मागं पडलं आणि मी म्हणालो, "तात्या, आता कुठं आलो सांगा."

"मला काय म्हाईत?"

"वास घेऊन बघा की."

तात्यांनी मफलर नाकावर ओढला. "गार लागतंय रं."

मी काचा वर केल्या. जरा वेळानं म्हणालो, "इकडं नदी दिसते बघा." ते म्हणाले, "कुठली?" मला सांगता येईना. मग पुरवठादाराचा फोन आला, मग साहेबांचा. राधानगरीच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललं होतं, तिथं खोळंबलो. माझा पाय क्लचवर, जीव मुहूर्तावर. उतरून कुणाशी बोलावं असं एकदा मनात आलं, पण काय बोलायचं ते सुचलं नाही. मी हॉर्न वाजवला.

तात्यांनी विचारलं, "तू हिकडनं कशाला आलास?"

"तुम्हाला आवडतं म्हणून."

"काय आवडतंय?"

"असं लांबून जाणं. रान, शेतं."

तात्या म्हणाले, "मला रस्ता न्हवं रं. पावणं आवडत्यात."

अक्षता पडून गेल्यावर आम्ही पोचलो. जेवलो. परत निघताना मी काही न बोलता कागलचा रस्ता धरला. महामार्गाला लागलो, गाडीनं वेग घेतला, आणि तात्यांचं डोकं हळूहळू माझ्याकडं कललं. ते झोपले. तोंड उघडं, हात मांडीवर, चष्मा नाकावर घसरलेला. कोल्हापूर येईपर्यंत ते हलले नाहीत. एका ट्रकनं कानाशी भोंगा वाजवला तरी नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीचा आठवडा सुरू होता. "काय पावणं, प्रवास कसा झाला?" त्यानं विचारलं.

राधानगरीचं मी सांगितलं नाही. म्हणालो, "ठीक. येताना तात्या सगळा वेळ झोपले होते."

"झोपलं?"

"गाढ."

त्यानं काचा खाली केल्या नाहीत. स्टँडवरून सरळ महामार्गाला लागला. पूल आला, पंचगंगा खालून गेली, त्यानं मान वळवून बघितलंही नाही. कारखान्याच्या कोपऱ्यावर मला उतरवताना म्हणाला, "माज्या गाडीत कधी झोपलं न्हाईत. एकदाबी न्हाय. मी म्हनायचो, पडा की जरा. तर म्हनायचं, पाव्हण्याच्या गाडीत झोपू नये, बरं दिसत न्हाय."

मी दाराला हात लावून उभा राहिलो.

"आमचं वडील एसटीनंच फिरलं," तो म्हणाला. "मी गाडी घ्यायच्या आत गेलं." आणि गिअर टाकून निघून गेला.

अशा वेळी माणसाला वाईट वाटायला हवं. मलाही वाटलं, जेवणाच्या सुट्टीनंतर. त्याआधी सबंध सकाळ मी फार खुशीत होतो. साहेबांनी कशासाठी तरी झापलं, तेसुद्धा मला लागलं नाही.

दोन दिवसांनी तो पुन्हा बावड्यावरून जायला लागला. तात्यांना दवाखान्यात कधी मी न्यायचो, कधी तो. माझ्या गाडीत ते झोपायचे, त्याच्या गाडीत बोलायचे. ही वाटणी मला मान्य होती असं म्हणवत नाही. मला दोन्ही हवं होतं. त्यालाही हवं असणार. रविवारी तिघं चहाला बसलो की तात्या मध्ये असायचे आणि बशी कुणी पुढं करायची यावरून आमचे हात एकमेकांना लागायचे.

मग त्याला पुण्याजवळच्या एका कारखान्यात चांगली जागा मिळाली. सामान खाली उतरवून झाल्यावर तो तात्यांच्या पाया पडायला आला. तात्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. कपाळ, मिशा, हनुवटी. "दमानं जावा," म्हणाले. माझा चेहरा त्यांनी असा कधी चाचपला नव्हता. तो त्यांना पाठ असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

वरचा मजला आता एका बँकेतल्या जोडप्यानं घेतला आहे. ती माणसं चांगली आहेत, आवाजही करत नाहीत. शिरोलीला मी एकटा जातो, महामार्गानं, आणि वेळेवर पोचतो.

रविवारी सकाळी तात्यांचा फोन वाजतो. ते भिंतीला हात लावत गॅलरीत जातात आणि काचेचं दार मागं ओढून घेतात. आतून आवाज येत नाही, नुसतं दिसतं. ते हसतात, हातानं हवेत वळण काढून दाखवतात, मग बराच वेळ ऐकत राहतात. बायको माझ्या हातात त्यांचा चहा देते. मी दाराशी उभा राहतो. चहावर साय धरते.

दार उघडलं की मी विचारतो, "काय म्हणत होते?"

"काय न्हाय," तात्या कप चाचपत म्हणतात. "आमचं आपलं."