पेटी नंबर एकची ओटी

कंटेनरला सील लागलं, श्वेता मॅडमनी ड्रायव्हरच्या हातात कागद दिले, आणि तेव्हा मला आठवलं की पेटी नंबर एकमध्ये मी ओटी भरली आहे.

डोंबिवली एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. पितळी पाइपांचे जोड बनतात. मी अकरा वर्षं पॅकिंगला आहे. आधी आमचा माल एलसीएल जायचा, म्हणजे चार-पाच जणांचा माल मिळून एक कंटेनर. शेअर रिक्षासारखं. या वेळी पहिल्यांदा एफसीएल होतं, म्हणजे अख्खी रिक्षा आपली. माल ऑस्ट्रेलियाला जायचा होता. नवीन पार्टी, पहिली ऑर्डर.

ओटीचं असं, की लेक घरून निघाली की आपण तिला रिकामी पाठवत नाही. तसं मी नवीन ऑर्डरच्या पहिल्या पेटीत एक खण ठेवते. त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, खोबऱ्याची वाटी आणि एक फूल. कुणाला सांगत नाही. दुबईला चारदा माल गेला, चारही वेळा ठेवली. कुणी काही बोललं नाही.

आदल्या दिवशी श्वेता मॅडम पॅकिंगमध्ये आल्या होत्या. त्या कागदपत्रं बघतात. हातात एक फॉर्म होता, पॅकिंग डिक्लेरेशन. म्हणजे माल कशात बांधला ते लिहून द्यायचं आणि मालकांनी सही करायची.

"मावशी, पेंढा, भुसा, भाजीचे जुने खोके, असलं काही वापरलं नाही ना? झाडपाल्याचं काहीच चालत नाही तिकडे."

"नाही मॅडम," मी म्हटलं. खरंच नव्हतं. पेंढा नव्हता, भुसा नव्हता.

आता सील बघितलं आणि मॅडमचं ते बोलणं आठवलं. तांदूळ हे धान्य. फूल झाडाचं. खोबरंसुद्धा.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. निदान इथे तरी. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. मी ऑफिसच्या दारापाशी गेले, परत आले, परत गेले. मी ऑफिसात कामाशिवाय जात नाही.

"काय झालं मावशी?" मॅडमनीच विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, ओटी? कंटेनरमध्ये?" मग आवाज खाली करून म्हणाल्या, "बघितलं कुणी?"

"नाही."

"मग सोडा ना. आपला सौदा एफओबी आहे. जहाजावर माल चढला की पुढे काही झालं तर ते घेणाऱ्याचं. बुडालं, भिजलं, काही का होईना."

एफओबी मला तसं माहीत होतं. बोटीवर चढेपर्यंत आपलं, चढल्यावर त्यांचं. लग्नात पाठवणी होते तसं. पण तिकडे पेटी उघडून आतून तांदूळ निघाले, तर ते कुणी ठेवले असं विचारतीलच की. मी तेच म्हणाले.

तेवढ्यात मागून मालक आले. मोरे साहेब. त्यांनी बहुतेक सगळं ऐकलं होतं.

"कुठल्या पेटीत?"

"एक नंबरच्या."

"म्हणजे सगळ्यात आत? सहाशे चाळीस पेट्यांच्या मागे?"

मी मान हलवली. साहेबांनी सील लागलेल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "अकरा वर्षं झाली मावशी. आणि हे आत्ता सांगताय?"



"साहेब, एफओबी..." मॅडम म्हणाल्या.

"एफओबी राहू दे. त्या फॉर्मवर सही माझी आहे. खोटं निघालं तर पुढचा प्रत्येक कंटेनर तिकडे उघडून बघतील. कट-ऑफ कितीला आहे?"

कट-ऑफ म्हणजे बंदराचं गेट आपला कंटेनर घ्यायचं बंद करतं ती वेळ. त्यानंतर पोचलात तर बोट तुमच्याविना जाते.

"पाचला."

साहेबांनी घड्याळ बघितलं. साडेअकरा झाले होते. "तोडा सील."

माल चढवणाऱ्या टोळीचा मुकादम बाळू म्हात्रे. टोळीतल्यांनी नुकतेच हात धुतले होते. बाळूला कारण कळलं तसा तो कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"काय गो मावशे, पोर आताच सासरी धाडली न् लगेच माघारी?"

सगळे हसले. मलाही हसू आलं आणि रडूही. पण बाळूने डोकं चालवलं. सगळा माल न काढता त्याने डाव्या बाजूने एक माणूस जाईल एवढीच वाट काढली. तरी दोनशेच्या वर पेट्या उतरल्या, एकेक पंचवीस किलोची. मीही रांगेत उभी राहिले. बाळू म्हणाला, "तू व्हय बाजूला." मी झाले नाही.

पेटी निघाली. मी टेप कापली, खण बाहेर काढला, तांदळाचा एकेक दाणा वेचला. मॅडमनी मोबाइलचा उजेड धरून आतला कोपरा बघितला. पेट्या परत चढल्या, नवीन सील लागलं, त्याचा नंबर कागदांवर बदलला. गाडी सुटली तेव्हा तीन वाजून गेले होते.

कंटेनर गेटवर पोचला पावणेसहाला. बोट गेली.

साहेब मॅडमना म्हणाले, "पार्टीला मेल टाक. एक आठवडा उशीर होईल. कारण खरं लिही."

"ओटी इंग्लिशमध्ये कशी लिहू साहेब?"

"लिही, पूजेचं साहित्य चुकून आत राहिलं, ते काढलं."

दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. मॅडमनी मला वाचून दाखवलं. कळवल्याबद्दल आभार, आणि यापुढे दार बंद करण्याआधी आतले फोटो पाठवा. बस. माल पुढच्या बोटीने गेला. तिकडे तपासणी झाली आणि सुटला. नंतर दुसरी ऑर्डरही आली. ती त्या मेलमुळे आली की आमचे जोड चांगले म्हणून आली, ते मला माहीत नाही.  साहेबांनी मात्र त्या दिवसानंतर आठवडाभर मला "मावशी" म्हणून हाक मारली नाही. कामापुरता निरोप दुसऱ्याकडून पाठवला. ते मला लागलं, पण वावगं वाटलं नाही.

आता पेटीत ओटी नाही, त्याऐवजी आम्ही कारखान्याच्या गेटबाहेर नारळ फोडतो. मग कंटेनर झाडून घेतो, मग माल चढतो.

मी मात्र त्या "नाही" वर बराच विचार केला. मी खोटं बोलले नव्हते. मॅडमनी पॅकिंगचं विचारलं होतं आणि माझ्या लेखी ओटी हे पॅकिंग नव्हतंच. तिकडच्या माणसाला मात्र तांदळाच्या दाण्यात फक्त तांदूळ दिसतो, आणि तो चुकत नाही. म्हणून आता कुणी विचारलं, "आत आणखी काही आहे का," तर मी लगेच उत्तर देत नाही. आपल्या हातांनी काय काय ठेवलं ते आधी सगळं मोजते. त्याला मिनिटभर लागतं. दोनशे पेट्या उतरवायला तीन तास लागतात.