उभ्यानं पोहे

इंदूरची कापडगिरणी बंद पडल्यावर सिंगापुरात आलेले एक फिटर माझे रविवारचे सोबती. मीही इंदूरचाच. दर रविवारी आम्ही दोघं नवं भारतीय हॉटेल शोधायचो. कधी तमिळ, कधी बंगाली. खिशातल्या पुडीतला, इंदुरात पोह्यांवर घालतात तो जिरावण मसाला ते डोशावरही भुरभुरायचे आणि मान हलवायचे, "मजा नाही, भिया." भिया म्हणजे आमच्या इंदूरचं 'भाऊ'.

एकदा एका गुजराती हॉटेलात पोहे मिळाले, वर शेवसुद्धा. ते बशी घेऊन उठून उभे राहिले. इंदूरच्या मल्हारगंजात पाळीवर जाताना, गिरणीचा भोंगा व्हायच्या आत, ते पोह्यांच्या ठेल्यापाशी असेच उभ्यानं खायचे. वेटरनं खुर्ची पुढे सरकवली, तरी बसले नाहीत.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"एकदम बरोबर." ते दाराबाहेर बघत राहिले. "फक्त खायची घाई नाही, भिया."