वसुधाला न विचारता

२०११ साली पुण्याहून निघताना आईने माझ्या पत्नीच्या, वसुधाच्या, हातावर दही ठेवले आणि म्हणाली, "तिकडे त्याला सांभाळ गं." वसुधाला कोण सांभाळणार, हे कुणाच्या मनात आले नाही. ऑकलंडची नोकरी मी परस्पर स्वीकारली होती. तिला फक्त बातमी दिली. तिने शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडली. तिचे मौन मी संमती मानले.

ऑकलंडच्या हिल्सबरो उपनगरात घर घेतले, पेनरोजच्या कारखान्यात मी रुळलो. २०१४च्या निवडणुकीत मी अधिकारवाणीने सांगितले, "आपण इथले नागरिक नाही, आपल्याला मत नाही." भारतीय पासपोर्ट जपल्याचा अभिमान इतका, की चौकशीसुद्धा केली नाही.

जवळच्या दफनभूमीत स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेल्या एका बाईची कबर आहे. शेजारणींबरोबर वसुधाही जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून, बादली घेऊन ती कबर धुवायला जाऊ लागली. तिथेच तिला कळले, की नागरिक नसला तरी इथे कायम राहण्याचा परवाना असलेल्यालाही मत देता येते.

"तिलाही कुणी विचारलं नव्हतं," वसुधा त्या बाईविषयी सांगत होती. "नवरा स्कॉटलंडहून निघाला, ही मागोमाग बोटीत. दिवसभर शिवणकाम, मग चिखल तुडवत घरोघरी सह्या गोळा करायच्या. नवरेच दारात यायचे म्हणे. आमच्या हिला यातलं काही कळत नाही, म्हणायचे."

मी हसून म्हणालो, "आता तूही निघणार वाटतं दारोदार?"

"निघालेय की. इथल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणींना वाटतं, आपल्याला मत नाही. त्यांच्याही नवऱ्यांनी सांगितलंय."

२०१७ला तिने मत दिले. परतताना गाडीत मी विचारले, "कुणाला दिलंस?"

"ते सांगायचं नसतं, अहो."

मी गाडी घराकडे वळवली. त्या दारांतल्या नवऱ्यांमध्ये मीही उभा होतो, हे तेव्हा उमगले.

आता निवृत्ती जवळ आली आहे. पुण्याला परतायचे, हे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. परवा चहा घेताना ते बाजूला ठेवून विचारले, "तुला कुठे राहायचंय?"

तिने कप खाली ठेवला. "घाई नाही ना?"

"नाही."

"मग मला विचार करू द्या."

घरी कधी येणार, असे तुम्ही पुण्याची मंडळी फोनवर विचारता. आमचे घर कुठे, ते अजून मला ठाऊक नाही. वसुधा विचार करते आहे.